लाभार्थी पाहिजे

कोल्हापुरात कमी ऐकू येणारा माणूस शोधून काढणं फार अवघड आहे, कारण इथं सगळेच मोठ्यानं बोलतात. समोरच्याला ऐकू येत नाही हे कळायला आधी कुणी तरी हळू बोलावं लागतं, आणि तसा प्रसंग सहसा येत नाही. फौंड्रीत उभा जन्म घालवलेला माणूस घरी येऊन "जेवाय वाढ" असं ओरडतो, बायको "आधी हात धू" असं ओरडते, आणि संसार सुरळीत चालला आहे असं दोघांनाही वाटत राहतं.

उदयसिंह इंगवले यांच्या मात्र हे ध्यानात आलं. शिरोली एमआयडीसीतलं आपलं मशीन शॉप त्यांनी मुलाच्या हवाली केलं आणि 'कानोसा सेवा प्रतिष्ठान' काढलं. ध्येय एका ओळीत मावणारं होतं: यंत्रांच्या आवाजात ज्यांचे कान गेले त्यांना कानाचं मशीन द्यायचं, तेही मोफत. पुण्याच्या एका कंपनीनं मशीनं पुरवायचं कबूल केलं. सगळं नीट जमून आलं होतं. अडचण फक्त 'मोफत' या शब्दानं केली.

संस्थेचे पहिले लाभार्थी जोतीरामतात्या. फौंड्रीत साचे भरणारे जुने मोल्डर. कान तपासणाऱ्या रिजवाननं त्यांना मशीन बसवलं. तात्यांनी पंख्याचा आवाज ऐकला, बाहेरच्या कावळ्याचा ऐकला, खूश झाले आणि किती द्यायचे म्हणून विचारलं. काही नाही म्हटल्यावर त्यांनी मशीन कानातून काढून टेबलावर ठेवलं.

"फुकट? मी काय मागत आलतो व्हय तुमच्या दारात?"

"तसं न्हवं तात्या," उदयदादा म्हणाले. "ही सेवा हाय."

"मग मला बी करू दे की सेवा. काम सांगा. काम सांगितल्याबिगर कानाला हात लावू देणार न्हाय."

दादांनी तिथल्या तिथं त्यांना 'संपर्कप्रमुख, शिरोली विभाग' करून टाकलं. तात्यांनी मशीन परत कानात घातलं. आठवड्याच्या आत चौकात त्यांच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर तात्यांनी काळा गॉगल घातला होता. गॉगलचा कानाशी संबंध काय, असं कुणी विचारलं नाही.

पुढचा लाभार्थी आला तो मशीनच्या आधी फ्लेक्सची चौकशी करायला लागला.

तिथून संस्था वाढत गेली. प्रेस शॉपमधले इकबालभाई बॅटरी विभागाचे प्रमुख झाले. इमामबी महिला आघाडीच्या अध्यक्षा झाल्या. स्वागत समिती झाली, सतरंजी समिती झाली, आणि सतरंज्या नक्की झटकतात का हे बघणारी एक समिती झाली. पुण्याहून मशीन यायला वेळ लागायचा, पद मात्र ताबडतोब मिळायचं. त्यामुळं माणूस आधी पदाधिकारी व्हायचा आणि मग सावकाश ऐकू लागायचा. चांगल्या धडधाकट कानांचे लोकही पदासाठी रांगेत येऊन उभे राहू लागले. रिजवान त्यांच्या पाठीमागं जाऊन हळूच "चहा घेणार?" असं विचारायचा. जो वळेल त्याला चहा पाजून घरी पाठवायचा.

हा सगळा व्याप सांभाळायला संयोगिताला नेमलं. तिच्या दारावर 'ऑपरेशन्स मॅनेजर' अशी पाटी लागली, आणि पहिला महिनाभर लोक तिच्यापुढं कान धरून बसले. "बाई, ऑपरेशन कवा करताय? उपाशी यायचं का जेवून?" समजावून दमल्यावर तिनं पाटीखाली दुसरी पाटी लावली: 'येथे ऑपरेशन होत नाही.' पण केबिन तिची होती. काचेचं दार, फिरती खुर्ची, आणि चावी तिच्या पर्समध्ये. तिच्या माहेरी आणि सासरी मिळून कुणालाच आजवर केबिन नव्हती. रोज सकाळी कुलूप काढताना तिला जरा उंच झाल्यासारखं वाटायचं.

तिचं मुख्य काम व्यासपीठाचं. पदाधिकारी म्हटला की तो व्यासपीठावरच बसणार. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाला व्यासपीठ थोडं पुढं सरकायचं आणि समोरच्या खुर्च्या तेवढ्या कमी व्हायच्या. गेल्या वर्धापनदिनाला सगळी संस्था वर होती आणि समोर एकटा फोटोग्राफर. पुढच्या आठवड्यात तोही प्रसिद्धीप्रमुख झाला.

अशा भरभराटीच्या दिवसांत पुण्याहून मोना मॅडमचा फोन आला. कंपनीतर्फे संस्थेला मशीनं आणि संयोगिताला पगार मिळतो तो यांच्याच सहीनं.

"संयोगिता, गुरुवारी येतेय मी. एका लाभार्थ्याशी बोलायचंय. एकच पुरे. फक्त त्याला संस्थेत कसलंही पद नको हं. आमचा नियमच आहे. मागं एका ठिकाणी अध्यक्षांनी आपला मेहुणाच लाभार्थी म्हणून उभा केला होता."

"आणि समजा, तसा नसला तर?"

मोनाला ती गंमत वाटली. ती हसली. "नसला तर मशीनं कुणासाठी पाठवायची? आणि तुम्ही तरी तिथं बसून काय करणार?"

संयोगितानं फोन ठेवला, केबिनकडं एकदा नीट बघून घेतलं आणि दादांकडं गेली.

"त्यात काय एवढं?" दादा म्हणाले. "ढीगभर माणसं हायत की आपल्याकडं!"

"माणसं नाहीत दादा. पदाधिकारी आहेत."

दादांनी थोडा विचार केला. "मग एकाचा राजीनामा घे. एका दिसापुरता."

ती आधी जोतीरामतात्यांकडं गेली.

"राजीनामा?" तात्यांनी दचकून खिशातलं मशीन कानात कोंबलं, तसं ते शिट्टी मारायला लागलं. "नातवाच्या लग्नाची पत्रिका छापून झाली, पोरी. त्यात माझ्या नावाफुडं संपर्कप्रमुख हाय. आता काय पत्रिका गोळा करत फिरू?"

इकबालभाई म्हणाले, "माझं काय न्हाय ताई, मी आत्ता सोडतो. पण बॅटरी खातं कुणाच्या भरवशावर सोडू?" बॅटरी खातं म्हणजे स्टीलचा एक डबा होता. तो त्यांनी बोलता बोलता मांडीवर घेतला.

इमामबींनी तर पूर्ण ऐकूनच घेतलं नाही. "पद गेल्यावर सुना मला पाणी तरी इचारतील व्हय गं?"

सतरंजी समितीतला एक सदस्य कसाबसा तयार झाला. पण त्याच्या जागेवर बसायला तिघं आधीच दाराशी येऊन थांबल्याचं त्याला दिसलं आणि त्यानं शब्द फिरवला.

म्हणजे आता नवा, कोरा, बिनपदाचा माणूस हवा होता. असा माणूस शिरोलीत उरला नव्हता. संयोगितानं जीप काढली आणि पेठ वडगावचा बाजार गाठला. संपर्क आपलं खातं असल्यामुळं तात्या बरोबर आले. येताना तिनं त्यांच्याकडून वचन घेतलं होतं की पदाचं नाव काढायचं नाही. तात्यांनी गळ्याला चिमटा घेऊन शपथ खाल्ली होती.

बाजारात वाळल्या मिरच्यांच्या ढिगामागं एक म्हातारी बसली होती. तिच्या पाठीशी एक टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून घायकुतीला आला होता आणि ती शांतपणे मिरच्यांचे देठ मोडत होती. संयोगिताला गहिवरून आलं. नाव विचारलं तर शेजारचा कांदेवाला म्हणाला, "धोंडुबाई. पण वरडून बोला, पावणं."

संयोगिता खाली बसून ओरडली, "आजी, तुम्हाला कानाचं मशीन देतो! पैसे नकोत!"

सगळा बाजार वळला. धोंडुबाईही वळल्या.

"पैसं न्हाईत? मोडकं हाय व्हय?"

"नवंकोरं आहे! तुमच्यासाठी!"

"माझ्यासाठी का? तू कुणाची?"

"घे की म्हातारे!" कांदेवाला म्हणाला.

"तूच घे! तुझी बायको हाका मारून दमली कवाची!"

"आजी, तुम्ही फक्त लाभार्थी व्हायचं," संयोगितानं घसा खरवडत सांगितलं.

"म्हंजी काय करायचं?"

"काही नाही. घ्यायचं."

"नुसतं घ्यायचं?" धोंडुबाईंनी हातातली मिरची खाली ठेवली. "अगं बाई, मिरची इकत नेणाऱ्याला बी मी वर मूठभर घालून देते. आन् मी नुसतं घेऊन घरला जाऊ?"

मग संयोगितानं मशीन डबीतून काढून दाखवलं. धोंडुबाईंनी ते तळहातावर घेतलं. त्यांची नात नाशिकला नर्सिंग शिकत होती. ती रोज फोन करायची, आणि रोज ह्या "बरी हाय, बरी हाय" एवढंच म्हणून फोन कांदेवाल्याच्या हातात द्यायच्या. म्हातारीनं मशीन उलटसुलट करून बघितलं. आजूबाजूला बघितलं. आवाज शक्य तेवढा लहान केला. तो फक्त चार दुकानांपर्यंत गेला.

"बरं. गुरुवारी येते. पर लोकास्नी सांगू नगंस."

संयोगितानं डोळे मिटून सुस्कारा सोडला. ते डोळे उघडेपर्यंत घात झाला होता. तात्यांच्या मनाला ते सोसलं नव्हतं.

"आजी!" तात्या गर्दीत हात वर करून उभे होते. "असं मोकळं कसं येशीला? आजपास्नं तुम्ही बाजारप्रमुख, पेठ वडगाव!"

टाळ्या पडल्या. जीपमध्ये शाल कायमच असायची. नारळ शेजारच्या दुकानातून आला. कांदेवाल्यानं फोटो काढला, आणि उपप्रमुखाचं पद मोकळं आहे का ते विचारून घेतलं.

परतताना शिरोलीच्या फाट्यावर संयोगितानं जीप बाजूला घेतली. मग म्हणाली, "तात्या, काय केलंत हे?"

"जीव ऱ्हायला न्हाय बघ," तात्या नाक पुसत म्हणाले. "म्हातारी नुसती घ्याला तयार झालती गं. एवढी पाळी कुणावर येऊ ने."

बुधवारी ती केबिनमध्ये टेबलावर कोपर टेकून, उजवा कान तळहातावर ठेवून बसली होती. रिजवान आत आला, तिच्या मागं उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, चहा घेणार?"

ती वळली नाही.

"मॅडम, चहा."

ती वळली नाही. रिजवान पुढं येऊन उभा राहिला तेव्हा ती दचकली. रिजवाननं तिला तपासणीच्या खोलीत नेलं. उजवा कान ठीक होता. डावा जवळजवळ गेला होता.

"हा कान दाराकडं असतो का तुमचा?" त्यानं विचारलं.

असायचा. सगळी संस्था त्याच दारातून ओरडत आत यायची. मशीनं कानात घातली तर बॅटरी संपते, म्हणून इकबालभाईंच्या खात्यानं ती फक्त समारंभात वापरायचा हुकूम काढला होता. एरवी सगळे पदाधिकारी मशीन खिशात ठेवून बोलायचे.

"मॅडम," रिजवान हळहळून म्हणाला, "म्हणजे आपल्याच संस्थेनं..."

"थांब," संयोगिता म्हणाली. "मला ऐकू येत नाही ना?"

"नाही."

"मशीन लागेल ना?"

"लागेलच."

रिजवाननं तपासणीचा कागद लिहायला घेतला. मग ती उठून दादांकडं गेली.

दादांना पटायला वेळ लागला. "तू राजीनामा दिलास तर ऑपरेशन्स कोण बघणार?"

"लाभार्थी नसला तर ऑपरेशन्स कशाची बघायची दादा?"

दादा गप्प बसले. संस्थेच्या इतिहासात तेवढी शांतता आधी कधी झाली नव्हती. "एका दिसापुरताच," शेवटी ते म्हणाले.

राजीनामे मंजूर करण्याचं काम ऑपरेशन्सकडं असल्यामुळं संयोगितानं स्वतःचा राजीनामा स्वतःच मंजूर केला, आणि त्यानंतर तिला तो नामंजूर करण्याचा अधिकार उरला नाही. पर्समधली चावी काढून तिनं दादांच्या टेबलावर ठेवली. ठेवताना हात थोडा रेंगाळला.

गुरुवारी मोना आली. व्यासपीठ खचाखच भरलं होतं. धोंडुबाई शाल पांघरून दुसऱ्या रांगेत होत्या. समोरच्या मोकळ्या सभागृहात एकच खुर्ची होती आणि तिच्यात कानाला मशीन लावून संयोगिता बसली होती. "मॅडमचं स्वागत असो!" असं सगळी संस्था एकदम म्हणाली, तेव्हा तिनं खुर्ची दोन्ही हातांनी धरली. इतके दिवस आपण हे सहन कसं केलं, हे तिला तेव्हा कळलं. आपण ते निम्मंच ऐकत होतो.

"संयोगिता? तुम्ही खाली कशा?" मोनानं विचारलं.

"मी आता संस्थेत नाही. लाभार्थी आहे."

"आणि नोकरी?"

"गेली."

"अहो, कशामुळं?"

"कानामुळं," संयोगिता म्हणाली. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मोना तिच्याशेजारी जमिनीवरच बसली. रिजवाननं तपासणीचा कागद दिला. तो बघून तिचे डोळे भरून आले. "कधी झालं हे?"

"काल."

"मला एकदाही बोलला नाहीत!"

"मलाही कालच समजलं."

मोनानं वर बघितलं. तिची नजर जरा कडक झाली होती. "कान गेला म्हणून बाईला कामावरून काढलंत तुम्ही?"

"काढलं न्हाय मॅडम!" दादा उठून ओरडले. "तिनंच दिला राजीनामा! अगदी शहाण्यागत दिला!"

"आन् आम्ही लगेच मशीन दिलं की!" इकबालभाई म्हणाले. "बॅटरीसकट!"

"काल नोकरी गेली आणि आज मशीन?"

"व्हय!" अख्खं व्यासपीठ म्हणालं.

एवढी तत्परता मोनानं आजवर कुठल्याच संस्थेत पाहिली नव्हती. तिनं तिथंच जाहीर केलं की पुढच्या वर्षी मशीनं दुप्पट येतील. टाळ्या झाल्या. संयोगितानं डावा कान झाकून घेतला आणि उद्या सकाळी कुलूप काढायला किती वाजता यायचं याचा विचार करू लागली.

"आणि एक," मोना म्हणाली. "पुढच्या वर्षी मी संयोगितालाच भेटायला येणार. मशीनमुळं माणसाच्या आयुष्यात वर्षभरात काय फरक पडतो ते आम्हाला बघायचंय. तोवर संस्थेनं यांना कसलंही पद द्यायचं नाही. नोकरीही नाही. नाही तर आमचा अभ्यास बिघडेल."

टाळ्या आधीच सुरू झाल्या होत्या, त्या थांबवता आल्या नाहीत.

मोनाची गाडी गेल्यावर तात्या सभागृहात येऊन लहान मुलासारखे रडले. "वर्षभर बिनपदाची ठेवायची? असं काय पाप केलंय पोरीनं?" रडून झाल्यावर 'लाभार्थी जतन समिती' स्थापन झाली आणि तात्या तिचे प्रमुख झाले. संयोगिताला कुणी चुकूनही पद देऊ नये, एवढं बघायचं काम समितीकडं आलं. तिच्या गल्लीतल्या बायकांनी तिला हळदीकुंकवाची खजिनदार करायचं ठरवलं, तेव्हा समिती जीप घेऊन गेली आणि ठराव मागं घ्यायला लावून आली.

पगाराचा प्रश्न दादांनी सोडवला. "केबिन मोकळी ठेवून चालायचं न्हाय. तुझ्या घरचं कुणी तरी बसव. पगार घरातच जाईल, काम तू मागनं सांग. वर्षानं बघू."

नवरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळीवर. घरात रिकाम्या होत्या त्या सासूबाई, तानाबाई. संयोगितानं त्यांना समजावलं: नुसतं जाऊन बसायचं, बाकी मी बघते.

"नुसतं बसायचं?" तानाबाई म्हणाल्या. "बसून पगार घेऊ? लोक काय म्हणतील? बसले तर काम करीन."

आणि त्यांनी काम केलं. पहिल्याच दिवशी त्यांनी 'येथे ऑपरेशन होत नाही' ही पाटी काढायला लावली. म्हणाल्या, आधीच नको कशाला म्हणायचं, आलेल्याचं ऐकून तर घेऊ. दुसऱ्या दिवशी बॅटरीचा डबा ताब्यात घेतला आणि मशीन खिशात ठेवणाऱ्याला आत येऊ देईनात. व्यासपीठावर फक्त उभं राहायचं, बसायचं असेल तर खाली, असा नियम केला. त्यामुळं पंधरवड्यात निम्मी संस्था खाली येऊन बसली. धोंडुबाईंचा नातीशी रोज अर्धा अर्धा तास फोन चालू लागला. कचेरीत माणसं हळू बोलू लागली. दादा म्हणाले की बाईंना आधीच घ्यायला पाहिजे होतं.

संयोगिता सुरुवातीला रोज काही तरी सुचवायला जायची. दारावर जतन समिती तिला अडवायची. "लाभार्थ्यांची येळ अकरा ते एक." घरी जेवताना विषय काढला तर सासूबाई ताटातून नजर वर न करता म्हणायच्या, "हपिसातलं घरात आणायचं न्हाय."

शेवटी एकदा ती रीतसर वेळ घेऊन गेली. काचेच्या दाराबाहेर बाकावर बसली. आतून घंटी वाजली.

"या. बसा," तानाबाई म्हणाल्या. फिरती खुर्ची त्यांनी स्थिर करून घेतली होती. "नाव?"

"आत्या, मी..."

"हितं मॅडम."

"संयोगिता."

"मशीन चालतंय?"

"चालतंय मॅडम. बॅटरी संपत आलीय."

"मिळंल. घरात कोण कोण असतं?"

"नवरा असतो. सासूबाई असतात."

"सासू कशी हाय?"

संयोगितानं मागं वळून बघितलं. काचेपलीकडून जोतीरामतात्या आणि अख्खी जतन समिती आत बघत होती.

"नव्यानंच नोकरीला लागल्यात," ती म्हणाली. "लवकर सोडतील असं वाटत नाही."

तानाबाईंनी मान डोलवली, चष्मा सारखा केला आणि ते लिहून घेतलं.